पांढरा सदरा गुलाबी झाला तर?

बालदोस्तांनो, समजा, तुम्ही नगरला राहता. उद्या 15 ऑगस्ट, सकाळी झेंडावंदन. आईला मदत म्हणून तुम्ही शाळेचा पांढरा सदरा भिजत घातला आणि ताईची नवी लाल ओढणीही त्याच बादलीत टाकली. तासाभराने बघता तर काय, सदरा गुलाबी! रडू नका. सदरा अजून ओला आहे ना? मग निम्मं काम सोपं आहे.

आधी हे झालं कसं, ते पाहू. आपलं नगर आणि शेजारचं भिंगार पूर्वी हातमागाच्या लुगड्यांसाठी ओळखलं जायचं. सूत रंगवताना रंगारी काय करतो? रंगाचं पाणी, ऊब आणि वेळ देतो. मीठही घालतो, म्हणजे रंग सुतावर चांगला चढतो. नव्या ओढणीतला जादा रंग पाण्यात उतरला आणि तुमची बादली रंगाऱ्याचं पिंप झाली!

म्हणून उपाय करताना त्याच्या उलट वागायचं. मीठ चोळायचं नाही, सदरा उन्हात वाळवायचा नाही, इस्त्री तर मुळीच नाही. उष्णतेने रंग घट्ट बसतो.

आता हे करा :

1. ओढणी लगेच वेगळी काढा. सदरा गार पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळा.

2. साबणाची पूड घालून पुन्हा धुवा. कोवळा रंग इथेच बराच निघतो.

3. राहिलाच, तर ऑक्सिजनवाली ब्लीच पूड आणा. पाकिटावरच्या प्रमाणात पाण्यात विरघळवून सदरा काही तास बुडवून ठेवा. ऑक्सिजन रंगाचा रेणू मोडतो, मग तो आपल्याला दिसतच नाही. गरज पडली तर पुन्हा करा. लोकर आणि रेशमाला मात्र ही पूड लावू नका.

सदऱ्याच्या आतल्या चिठ्ठीवर त्रिकोण आहे का बघा. त्यावर फुली असेल, तर ब्लीच अजिबात नको.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास धुण्याचं ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो. ब्लीचचं काम मोठ्यांनीच, खिडकी उघडी ठेवून करावं.

पुढच्या वेळी नवं रंगीत कापड धुण्याआधी त्याचा कोपरा ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. फडकं रंगलं, तर ते कापड वेगळं धुवा.

आणि आईबाबांनो, रागावण्याआधी एक गोष्ट ऐका. 1856 साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा हिवतापावरचं क्विनाइन बनवू पाहत होता. हाती आला काळा गाळ! तो त्याने फेकला नाही, निरखून पाहिला. त्यातूनच जांभळा रंग मिळाला आणि रसायनांपासून कापडाचे रंग बनवण्याचा मोठा उद्योग सुरू झाला. चूक झाली की आधी तिच्याकडे नीट बघायचं. मग उद्याच्या झेंडावंदनाला सदरा थोडा ओलसर असला तरी चालेल, पण तो पांढरा असेल!