सुई मधोमध

पेंटॅक्स के-१००० या कॅमेऱ्याला ऑटोफोकस नाही, सेल्फ-टायमर नाही, चालू-बंद करायचं बटणही नाही. लेन्सला टोपण लावायचं, म्हणजे सेल वाचतो. हा इवलासा सेल फक्त लाइट मीटरपुरता. तो संपला तरी शटर चालतंच. जपानमधल्या असाही ऑप्टिकल कंपनीने १९७६ मध्ये आणलेला हा कॅमेरा १९९७ पर्यंत बनत होता. जगभरच्या कितीतरी विद्यार्थ्यांचा हा पहिला कॅमेरा.

डोळा लावला की उजव्या कडेला एक सुई दिसते. अ‍ॅपर्चरची रिंग किंवा शटरची चकती फिरवली की ती वरखाली होते. मधोमध आली की उजेड योग्य तेवढा. अ‍ॅपर्चर एक स्टॉप, म्हणजे उजेड निम्मा होईल इतकं, बंद करून शटर एक स्टॉप मंद केलं, तर सुई जागच्या जागी राहते, फोटो मात्र बदलतो. मागची झाडं स्पष्ट होतात, पळणारं पोर पुसट होतं. हे नातं बोटांत मुरवणं हा पहिला धडा.

दुसरा धडा अवघड. मीटरला समोरचं सगळं मध्यम राखाडीच वाटतं. पांढऱ्या भिंतीपुढे सुई मधोमध आणली तर भिंत मळकट येते.

पण हे कळणार कधी? छत्तीस फोटो संपल्यावर, मिट्ट काळोखात चाचपडत रोल रिळावर चढवून, डेव्हलपर आणि हायपो या रसायनांतून काढल्यावर. तोवर आपण काय केलं होतं ते आठवत नाही. म्हणून प्रत्येक फोटोचं अ‍ॅपर्चर आणि शटर वहीत टिपायचं. फिल्मवर शिकणाऱ्याचा खरा गुरू ही वहीच.

के-१००० येण्याच्या वर्षभर आधी, १९७५ मध्ये, कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी डिजिटल कॅमेरा तयार केला होता. त्याचा एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. आज निकाल तत्क्षणी दिसतो आणि वहीतल्या नोंदी फाइलच ठेवते. चूक आणि तिची दुरुस्ती एकाच मिनिटात होते, हे शिकणाऱ्याचं मोठं भाग्य आहे.

मात्र जुनी सवय इथे जशीच्या तशी चालत नाही. निगेटिव्ह जास्तीचा उजेड बराच सोसते, तिला सावलीतला तपशील आधी द्यावा लागतो. डिजिटलमध्ये उलटं: सावली नंतर थोडी उजळता येते, पण जळून पांढरं झालेलं आकाश परत येत नाही. म्हणून इथे नजर हवी हिस्टोग्रामच्या, म्हणजे फोटोतल्या उजेडाच्या आलेखाच्या, उजव्या टोकावर. आणि तीनशे फोटोंतले तीन निवडण्याची मेहनत हवी, कारण इथलं बरंचसं शिक्षण त्या निवडीतच होतं.

हाती डिजिटल कॅमेरा असेल तर एक दिवस पडद्यावर कागद चिकटवा, मॅन्युअल मोड लावा, छत्तीसच फोटो काढा. प्रत्येक वेळी निकाल कसा येईल ते वहीत आधी लिहा आणि रात्री ताडून पाहा. पांढऱ्या भिंतीला दीड-दोन स्टॉप जास्त उजेड द्यायचं ज्या दिवशी न बघता सुचेल, त्या दिवशी कॅमेरा कुठलाही असो, तुम्हाला उजेड वाचता येऊ लागला.