निकाल न देणाऱ्या कादंबऱ्या

आमच्या वाचनगटात सुरुवातीला पुस्तक निवडायचा निकष एकच होता: ज्याचा बोलबाला आहे ते घ्यायचं. पुस्तकं चांगली असायची, पण अर्ध्या तासात सगळ्यांचं एकमत व्हायचं आणि बोलणं मुलांच्या परीक्षांकडे वळायचं.

‘रणांगण’ने हे बदललं. विश्राम बेडेकरांची ही १९३९ सालची कादंबरी इतकी लहान आहे की सगळे ती शेवटापर्यंत वाचून आले होते. गटासाठी निवड करताना ही बाब फार मोलाची. नाझी जर्मनीतून निघालेली ज्यू हॅर्टा आणि मायदेशी परतणारा चक्रधर बोटीवर भेटतात. तो मुंबईला उतरतो, तिला पुढेच जावं लागतं. चक्रधरने तिचा हात सोडला की त्याच्या हातात काही नव्हतंच, यावर त्या दिवशी आवाज चढले. ज्यू निर्वासितांना देशोदेशीचे दरवाजे बंद होत होते, हे एकाने मांडलं. त्यावर दुसरी म्हणाली, दरवाजे बंद असले तरी प्रेमाचं नाटक करायची मुभा मिळत नाही. मला तिचं म्हणणं आजही पटत नाही, पण ते विसरताही येत नाही.

तेव्हापासून मी एवढंच पाहू लागले, की लेखकाने निकाल वाचकावर सोडला आहे का? नुसतं दुःख पुरत नाही. रडवणारं पुस्तक सगळ्यांना एकाच बाजूला नेतं.

‘कोसला’ मात्र आम्ही मुद्दाम लांबवली. त्यातला नायकाच्या बहिणीचा, मनीचा मृत्यू वाचण्याच्या मनःस्थितीत आमच्यातली एक जण तेव्हा नव्हती. पुढे तिनेच ती सुचवली. तरीही, ज्यांना त्या भागावर बोलायचं नसेल त्यांनी नुसतं ऐकावं, असं आधीच ठरवून घेतलं.

सगळ्यात जास्त रंगली सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’. एकाच भाडेकरूवर जीव जडलेले भाऊ-बहीण, तनय आणि अनुजा, आणि दोघांची निवेदनं वेगवेगळी. अनुजाचं दुःख घराला दिसतं, तनयला ते कुणाला सांगताही येत नाही. काहींनी या अन्यायावर बोट ठेवलं. इतरांना वाटलं, अनुजाच्या दुःखाचाही घराने कुटुंबाच्या अब्रूचा प्रश्नच केला, मग तिला तरी काय मिळालं? वेळ संपली तरी कुणी उठेना, म्हणून पुढच्या बैठकीलाही तीच कादंबरी ठेवली.