पंधरा मिलिसेकंदांचा वास

धार जिल्ह्यातलं डही हे नर्मदेच्या खोऱ्यातल्या कापूसपट्ट्यातलं गाव. पावसाळ्यात कपाशीला पात्या लागल्या की इथल्या शेतांत रात्री हाका सुरू होतात, पण माणसाला त्यातली एकही कळत नाही. गुलाबी बोंडअळीची मादी पतंग, लांबीला जेमतेम सेंटीमीटरभर, पोटाच्या टोकावरच्या ग्रंथीतून हवेत गंध सोडते. अंधारात कुठेतरी नराला तो लागतो आणि तो वाऱ्याच्या उलट दिशेने निघतो.

याच नर्मदेच्या मुखाशी असलेल्या भडोचहून गेलेल्या नमुन्यांवरून डब्ल्यू. डब्ल्यू. साँडर्स यांनी १८४३ मध्ये या किडीचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. तिची हाक मात्र १९७३ मध्ये उलगडली. गॉसिप्लुर नावाचं हे मिश्रण सोळा कार्बनी साखळीच्या दोन रेणूंचं असतं, साधारण निम्मंनिम्मं. दोन्ही रेणूंत अणू तेच आणि तितकेच. एका दुहेरी बंधापाशी साखळीचं वळण तेवढं निराळं. नराला दोन्ही लागतात. एकच दिला तर तो फारसा फिरकत नाही. एवढा बारीक फरक ओळखतं कोण?

नराच्या शृंगिकांवर सूक्ष्म केस असतात, आणि त्यांच्या भिंतींना मायक्रोमीटरहूनही कितीतरी लहान छिद्रं. गंधाचा रेणू छिद्रातून आत आला की त्याची पंचाईत होते. तो तेलकट आणि केसाच्या आतला द्रव पाणीदार. पलीकडे चेतापेशी वाट पाहत असते, पण तेल पाण्यात विरघळणार कसं? इथे एक छोटं प्रथिन मदतीला येतं. ते गंधरेणूला आपल्या पोकळीत घेतं आणि पलीकडे नेतं, नदी उतरवणाऱ्या नावाड्यासारखं.

हे गंधबंधक प्रथिन रिचर्ड व्होग्ट आणि लिन रिडिफर्ड यांनी १९८१ मध्ये दाखवून दिलं, तेही पॉलिफेमस या अमेरिकन पतंगात. हा पतंग आपल्या भंडारा-गडचिरोलीच्या टसर पतंगाच्याच वंशातला, म्हणजे जवळचा भाऊबंद. त्याच्या मादीच्या गंधातही सोळा कार्बनी साखळीचा ॲसिटेट आहे, गॉसिप्लुरसारखाच.

पुढे रेशीमकिड्याच्या पतंगातल्या अशाच प्रथिनाचा आकार उलगडला, तेव्हा आणखी एक कारागिरी दिसली. चेतापेशीच्या पडद्याजवळ आम्लता वाढते, तसं प्रथिनाचं शेपूट वळतं, थेट स्वतःच्याच पोकळीत शिरतं आणि आतल्या रेणूला बाहेर ढकलतं. किनारा आला, उतरा!

पडद्यात बसलेली ग्राहक प्रथिनं हा तर निराळाच नमुना. आपल्या नाकातला ग्राहक वास लागल्याची वर्दी पुढे देतो आणि मग मधल्या साखळीतून विद्युतसंदेश उमटतो. कीटकाचा ग्राहक पडद्यात आपल्या ग्राहकाच्या उलटा बसतो आणि तो स्वतःच दार असतो. रेणू लागला की दार उघडतं, आयन आत धावतात. चार प्रथिनं मिळून हे दार बनतं. त्यांतलं ऑर्को नावाचं प्रथिन बहुतेक कीटकांत जवळपास सारखंच, आणि कोणता वास ओळखायचा हे त्याच्या जोडीदारावर ठरतं. नुसत्या ऑर्कोची रचना २०१८ मध्ये पहिल्यांदा दिसली, तीही उंबराच्या कुळातल्या फळांत वाढणाऱ्या एका चिमुकल्या गांधीलमाशीच्या प्रथिनावरून.

वेगवेगळ्या वासांमागे वेगवेगळी जनुकं असावीत, याची चाहूल मुंबईत फार आधी लागली होती. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९७०च्या दशकात ओबेद सिद्दिकी आणि वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी ठरावीक वास न कळणाऱ्या फळमाश्या वेचून काढल्या होत्या. माशीच्या ग्राहकांची जनुकं हाती लागली १९९९ मध्ये.

मला या सगळ्यात थक्क करतं ते वास पकडणं नव्हे, तो पुसणं. वाऱ्यावरचा गंध सलग दोरीसारखा येत नाही, तुटक झुळकांनी येतो. झुळूक लागली की नर सरळ पुढे जातो, हरवली की डावीउजवीकडे भिरभिरत शोधतो. मागची झुळूक नाकातच रेंगाळली तर पुढची कळणार कशी? म्हणून त्याच द्रवात गंध मोडणारी विकरंही असतात. पॉलिफेमसच्या केसात अशा विकरासमोर गंधाचं निम्मं प्रमाण सुमारे १५ मिलिसेकंदांत नाहीसं होतं, असा व्होग्ट आणि सहकाऱ्यांचा १९८५ मधला अंदाज. डोळ्याची पापणी लवायलाही याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

शेतकरी या नाकाचा दुहेरी उपयोग करतात. कामगंध सापळ्यात गॉसिप्लुरचं ल्युर लावलं की नर येऊन अडकतात. सलग तीन दिवस प्रतिसापळा आठ पतंग दिसले की उपाययोजना करा, असा कृषी खात्याचा सल्ला असतो. बोंडात शिरलेली अळी बाहेरून दिसत नाही, डोमकळी (अळी लागून मिटून राहिलेलं फूल) दिसेपर्यंत ती आत पोचलेली असते, म्हणून ही आगाऊ सूचना मोलाची.

दुसरा उपयोग जास्त खट्याळ. ‘पीबी नॉट’ नावाचे गॉसिप्लुर भरलेले धागे झाडांना बांधतात आणि अख्खं शेत मादीच्या वासाने भरून टाकतात. इथे विकरं कितीही पुसोत, पुढचा रेणू लगेच हजर. सगळीकडेच मादी, म्हणून नराला कुठेच ती सापडत नाही, आणि मीलन न झालेल्या मादीच्या अंड्यांतून अळी निघत नाही. मात्र एकट्याने आपल्या दोन एकरांत धागे बांधून फारसं साधत नाही. शेजारच्या बांधावरून मीलन झालेली मादी उडत येते, आणि तिचं नराशी काहीच काम उरलेलं नसतं.