लेजर वाचता येणारी माणसं

३१ मे हा आमच्या विद्यापीठात निरोपाचा दिवस. एके काळी शाळेत नाव घालताना गुरुजी सरसकट १ जून ही जन्मतारीख लिहीत. त्यामुळे ५८ वर्षं पूर्ण झालेले कितीतरी कर्मचारी एकाच संध्याकाळी निवृत्त होतात. यंदा परीक्षा विभागातला माझा धाकटा सहकारी गेला. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, पण त्याच्या खुर्चीवर कुणीच आलं नाही. संगणक येण्यापूर्वीची निकालाची लेजर वाचता येणाऱ्या विभागातल्या शेवटच्या मोजक्या माणसांपैकी तो एक.

मी त्याच्या आधीच बाहेर पडले. माझी सुरुवातीची वर्षं आवक-जावकमध्ये गेली आणि शेवटची नॅक मूल्यांकनाच्या फायली रचण्यात. त्यांत सांगावं असं काही नाही. विद्यापीठात नोकरी केली असं मला वाटतं ते नव्वदच्या दशकातल्या परीक्षा विभागामुळे.

१९९४ च्या विद्यापीठ कायद्याने निकाल ३० दिवसांत, उशिरात उशिरा ४५ दिवसांत लावा, असं बजावलं. ते दिवस मोजायचे आम्ही. महाविद्यालयांचे गुणतक्ते आले की आम्ही जोडीजोडीने बसायचो. एकाने वाचायचं, दुसऱ्याने लेजरमध्ये ताडून पाहायचं. एकोणसाठ आणि एकोणसत्तर ऐकताना फसगत होते, म्हणून अंक सुटे वाचायचे: पाच-नऊ, सहा-नऊ. खाडाखोड झाली तर शेजारी सही आणि तारीख. रात्री उशिरापर्यंत हा घोष चाले. घरी लहान मुलं असलेल्या बायकाही थांबत, कारण आपण उठलो तर जोडी मोडेल आणि एखाद्या पोराचं वर्ष अडेल, हे प्रत्येकीला ठाऊक होतं.

एकदा एक पोक्त गृहस्थ आले. पुरात घर गेलं, त्यात पदवी प्रमाणपत्रही गेलं. आसन क्रमांक आठवेना, वर्षाचीही खात्री नव्हती. आमच्या हेडक्लार्कनी एवढंच विचारलं, ‘कॉलेज कुठलं? विषय कोणता होता? तुमच्या वेळी परीक्षा ऑक्टोबरला होती की एप्रिलला?’ मग ते रेकॉर्ड रूममध्ये गेले आणि कापडी बांधणीचं एकच लेजर घेऊन आले. नाव त्यात होतं. कोणत्या साली अभ्यासक्रम बदलला, कोणत्या परीक्षेला कृपागुण दिले, कुठल्या केंद्राचा निकाल राखून ठेवला होता, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. ते कुठल्याही परिपत्रकात एकत्र सापडत नाही.

याच माणसांना प्राध्यापकांतले काही जण ‘बाबू लोक’ म्हणत. निकाल वेळेत लागला की कौतुक अधिकाऱ्यांचं, रखडला की बोल क्लार्कला. २०१३ मध्ये प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला. त्यांच्या मागण्या खऱ्या असतील, पण खिडकीवर पालकांच्या शिव्या आम्ही खाल्ल्या. ते मी विसरलेले नाही.

संगणकाला माझा कधीच विरोध नव्हता. गुणांच्या बेरजा त्याने सोप्या केल्या, आमचे डोळे वाचवले. विरोध आहे तो काम करणाऱ्यांना न विचारता लादलेल्या घाईला. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठात पुरेशी तयारी नसताना उत्तरपत्रिकांची ऑनस्क्रीन तपासणी सुरू झाली. निकाल महिनोन्‌महिने रखडले, कुलगुरूंना पदावरून हटवलं गेलं. मुलांचे पुढचे प्रवेश मात्र हुकले ते हुकलेच.

आणि आता माणसंच नाहीत. निवृत्तांच्या जागा रिकाम्या राहतात, काम एजन्सीच्या पोरांकडून करून घेतात. ही पोरं हुशार आहेत, पण अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर आलेला मुलगा तीस वर्षांपूर्वीचं लेजर शिकायला कशाला बसेल? १ नोव्हेंबर २००५ पासून कायम लागलेल्यांचंही जुनं निवृत्तिवेतन गेलं. ज्यांची म्हातारपणाची हमी काढून घेतली गेली, त्यांनी संस्थेचं मागचं सगळं सांभाळावं, ही अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची?

दरवर्षी नव्या इमारतींची उद्घाटनं होतात. त्यातल्या एका इमारतीचा खर्च थांबवा आणि परीक्षा विभागातली मंजूर पदं भरा. जो पुढच्या ३१ मे रोजी निवृत्त होणार आहे, त्याच्या शेजारी आजपासून एक कायम नेमणुकीचा नवा कर्मचारी बसवा. नंतर शिकवायला कुणी उरणार नाही.