हुकूमनाम्याची फेड व तिचा पुरावा

दिवाणी न्यायालयानें हुकूमनामा केला, देणेकऱ्यानें पैसे चुकते केले, म्हणजे प्रकरण संपलें, अशी समजूत चांगल्या सुशिक्षित घरांतूनही आढळते. परंतु न्यायालयाच्या दृष्टीनें पैसे देणें ही एक गोष्ट, आणि ते दिल्याची न्यायालयांत नोंद होणें ही दुसरी गोष्ट होय. पहिली झाली व दुसरी राहिली, तर प्रामाणिक मनुष्यावरही तेंच देणें पुन्हा देण्याचा प्रसंग येतो.

एक कल्पित उदाहरण घेऊं. वर्धा शहरास लागून सिंदी (मेघे) आहे. तेथील एका गृहस्थानें सुताराकडून घराचीं दारें करून घेतलीं. मजुरीबद्दल वाद होऊन सुतारानें वर्धा येथील न्यायालयांत दावा लावला, आणि मुद्दल, व्याज व खर्च मिळून रु. ४०,००० चा हुकूमनामा मिळविला. पुढें एके दिवशीं गृहस्थानें सारी रक्कम रोख नेऊन दिली. सुतार भला माणूस. परंतु पावती एकानें मागितली नाहीं व दुसऱ्यानें दिली नाहीं. दोन वर्षांनीं सुतार वारला. मुलांस त्याच्या कागदांत हुकूमनामा सांपडला व त्यांनीं दरखास्त दाखल केली. मुलें लबाड नाहींत. त्यांना ठाऊकच नाहीं. गृहस्थही खोटा नाहीं. तथापि जप्तीचा बेलिफ येऊन उभा राहतो, तो त्याच सुतारानें केलेल्या दाराशीं.

असें कां व्हावें? १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेंतील २१ व्या आदेशाचा दुसरा नियम सांगतो कीं, न्यायालयाबाहेर झालेली फेड प्रमाणित केलेली वा नोंदलेली नसेल, तर हुकूमनामा बजावणाऱ्या न्यायालयानें ती विचारांत घेऊं नये. नियम कठोर दिसतो. पण 'मी दिले', 'मला पोंचले नाहींत' असा नवा तंटा प्रत्येक दरखास्तींत उभा राहिला, तर हुकूमनाम्यास अर्थच उरणार नाहीं.

याच आदेशाचा पहिला नियम फेडीच्या वाटा दाखवितो. सर्वांत निर्धोक वाट म्हणजे रक्कम न्यायालयांत भरणें, आणि तसें घेणेकऱ्यास न्यायालयामार्फत किंवा पोंचपावतीच्या नोंदणी टपालानें कळविणें. ती सूचना बजावल्या दिवसापासून भरलेल्या रकमेवरील व्याज थांबतें. दुसरी वाट परभारें देण्याची: मनीऑर्डरनें, बँकेमार्फत, किंवा लेखी पुरावा राहील अशा अन्य रीतीनें. मनीऑर्डरनें वा बँकेमार्फत रक्कम धाडतांना मूळ दाव्याचा क्रमांक, पक्षकारांचीं नांवें, दरखास्त असल्यास तिचा क्रमांक, रक्कम मुद्दल, व्याज कीं खर्चापोटीं, आणि पाठविणाऱ्याचें नांव व पत्ता, हें सारें लिहावें. वर्धा जिल्ह्यांतच सिंदी (रेल्वे) हें दुसरें गांव आहे. तेव्हां नुसतें 'सिंदी' लिहून भागत नाहीं. रोख दिल्यास हाच तपशील पावतींत घालून सही घ्यावी. रक्कम रु. ५,००० हून अधिक असल्यास एक रुपयाचें रेव्हेन्यू तिकीट लावावें.

इतकें करूनही परभारें दिलेल्या रकमेची नोंद न्यायालयांत व्हावीच लागते. ती करविण्याचें कर्तव्य प्रथम घेणेकऱ्याचें. त्यानें तें न केल्यास देणेकऱ्यानें अर्ज करावा. न्यायालय घेणेकऱ्यास नोटीस काढतें. १९७६ च्या दुरुस्तीनंतर देणेकऱ्याच्या अर्जावरून नोंद होते ती तीनच परिस्थितींत: फेड पहिल्या नियमाप्रमाणें झालेली असली, ती लेखी पुराव्यानें सिद्ध झाली, किंवा घेणेकऱ्यानें उत्तरांत ती कबूल केली. शेजाऱ्याची तोंडी साक्ष पुरत नाहीं.

या अर्जास १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणें फेडीपासून अवघे ३० दिवस मिळतात; आणि उशीर माफ करण्याची जी सवलत इतर अर्जांस आहे, ती २१ व्या आदेशाखालील अर्जांस नाहीं. उलट, पैशाचा हुकूमनामा बजावून घेण्यास घेणेकऱ्यास १२ वर्षें मिळतात. एका बाजूस ३० दिवस, दुसऱ्या बाजूस १२ वर्षें. गाफील देणेकरी सांपडतो तो या अंतरांत.

पावती मागणें म्हणजे अविश्वास दाखविणें, हा संकोच आपल्याकडे फार. त्याची किंमत महाराष्ट्रानें पूर्वीं मोजली आहे. १८७५ सालीं पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत कर्जदार शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं. पुढें १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानें, शेतकऱ्याकडून पैसे घेणारास लेखी पावती देणें भाग पाडलें. दामाजीपंतांची कथा तर घरोघर ठाऊक आहे. मंगळवेढ्याच्या कोठारांतील धान्याचे पैसे भरण्यास साक्षात् पांडुरंग बेदरास गेला, आणि बादशहाकडून पावती घेऊनच परतला. जेथें देवानेंही पावती सोडली नाहीं, तेथें संसारी माणसानें ती मागण्यांत लाज कसली? ती घ्यावी, आणि ३० दिवसांच्या आंत न्यायालयांत तिची नोंद करून घ्यावी.