नगरसेवकाची कारकीर्द

व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून त्यांच्या स्वागताप्रीत्यर्थ हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव पुणे नगरपालिकेपुढे आला, तेव्हा ती रक्कम गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावी असे सांगून विरोधी मत देणारे सभासद एकटे जोतीराव फुले होते. आणि मौज अशी की, १८७६ पासून १८८२ पर्यंत त्या सभागृहात बसलेले जोतीराव लोकनियुक्त नव्हते, सरकारनियुक्त होते.

नगरसेवकाच्या हाती सत्ता किती, याचा उलगडा मतदारास सहसा झालेला नसतो. ज्याच्या घडणीत फिरोजशहा मेहतांचा मोठा वाटा होता त्या १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याने पैसा व धोरण सभागृहाकडे, तर अंमलबजावणी आयुक्ताकडे सोपविली. पुढे इतरत्रही स्थूलमानाने हीच व्यवस्था रूढ झाली. महापौर मानाचा धनी, सहीचा धनी आयुक्त. म्हणून सकाळी सातपासून दाराशी तिष्ठणाऱ्या मंडळींना, कोणास रहिवासी दाखला हवा, कोणाचे गटार तुंबलेले, कोणाच्या नळास धार नाही, देण्याजोगा हुकूम नगरसेवकापाशी नसतो. असतो तो मुकादमाशी घरोबा, प्रभाग कार्यालयातील अभियंत्याचा परिचय, आणि या दोहोंहून मोलाचा म्हणजे व्हॉल्व्हची चावी खांद्यावर टाकून पहाटे हिंडणारा चावीवाला, ज्याने दोन फेरे कमी फिरविले की चढावरची अख्खी गल्ली कोरडी राहते.

सभागृहात मात्र निराळे कसब लागते. विषयपत्रिका, उपसूचना, तहकुबी, हरकतीचा मुद्दा ही शस्त्रे पहिल्या पाच वर्षांत क्वचितच हाती बसतात. आणि निविदांना मंजुरी देणारी स्थायी समिती, मुंबईबाहेर सोळा सभासदांची, ही तर साऱ्यांच्या डोळ्यांत भरणारी जागा. तिथल्या काही खुर्च्यांविषयी जे बोलले जाते ते सर्वस्वी निराधार असते, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

मनोहर जोशी, देवेंद्र फडणवीस आणि एकनाथ शिंदे हे तिघेही आधी नगरसेवक होते, मग मुख्यमंत्री; परंतु बहुतेकांची कारकीर्द प्रभागातच सुरू होते व तिथेच सरते. तीही बेभरवशाची. वर्षानुवर्षे जोपासलेला प्रभाग आरक्षणाच्या सोडतीत एका चिठ्ठीने हातचा जातो. निम्म्या जागा स्त्रियांच्या झाल्यापासून तर कित्येक घरांत उमेदवारी पत्नीकडे आली, आणि पहिल्या खेपेस पतीने लिहून दिलेले वाचणारी बाई दुसऱ्या खेपेस अंदाजपत्रकाची पाने उलटून खातेप्रमुखास घाम फोडू लागली.

२०२२ च्या मार्चमध्ये मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत संपली आणि निवडणुकांविना प्रशासकाचा अंमल लांबत गेला. त्या दिवसांतही नळ आटला की लोक जात ते माजी नगरसेवकाकडेच. सही त्याची पूर्वीही नव्हती, चावीवाला अजून ओळखीचा होता.