हैतीचे तीन डॉक्टर

‘देश आजारी आहे, त्याला एखादा चांगला डॉक्टर हवा,’ हे वाक्य आपण सर्वांनीच केव्हा ना केव्हा ऐकले आहे. सुशिक्षित, सेवाभावी माणूस सत्तेवर बसला की सारे सुरळीत होईल, ही भाबडी आशा त्यामागे असते. कॅरिबियन समुद्रातील हैती या छोट्या देशाच्या वाट्याला असे डॉक्टर एकदा नव्हे, तीनदा आले. या देशाच्या इतिहासाचे वाचन हा माझा जुना छंद. त्यातून व्यवसायबंधूंपुढे ठेवण्याजोगे जे हाती लागले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडत आहे.

हैतीचा जन्म तेजस्वी होता. उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या गुलामांनी १७९१ मध्ये उठाव केला, पुढे नेपोलियनने पाठवलेल्या फौजेचा पराभव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजी स्वातंत्र्य पुकारले. या पराक्रमाची शिक्षाही जबर मिळाली. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून, मळेवाल्यांच्या ‘नुकसानी’पोटी १५ कोटी फ्रँकची मागणी केली. पुढे १८३८ मध्ये ती ९ कोटींवर आली, तरी ती भागवण्यासाठी काढलेल्या कर्जांचा फेरा १९४७ पर्यंत सुटला नाही. शाळा, रस्ते, दवाखाने यांसाठी लागणारा पैसा पिढ्यान्‌पिढ्या बाहेर गेला. त्यात १९१५ ते १९३४ अशी एकोणीस वर्षे देश अमेरिकी फौजेच्या ताब्यात होता.

पहिला डॉक्टर म्हणजे फ्रान्स्वा द्युवालिए. त्वचा आणि हाडे पोखरणाऱ्या यॉज या रोगाविरुद्धच्या मोहिमेत, १९४० च्या दशकात, हा तरुण डॉक्टर खेडोपाडी हिंडला. पेनिसिलिनच्या सुईने चिघळलेले व्रण बरे होताना पाहिलेल्या गोरगरिबांचा त्याच्यावर विश्वास बसला आणि तो त्यांचा ‘पापा डॉक’ झाला. याच भांडवलावर १९५७ मध्ये तो राष्ट्राध्यक्ष झाला. १९६१ च्या मतदानात त्याच्या बाजूने १३,२०,७४८ आणि विरोधात शून्य मते पडल्याचे सरकारने जाहीर केले. १९६४ मध्ये तो तहहयात अध्यक्ष बनला. ‘टोंटो माकूत’ नावाच्या त्याच्या खासगी दलाने हजारो माणसे मारली. शिक्षक, डॉक्टर, अभियंते देश सोडून गेले. १९७१ मध्ये तो मरण पावला, तेव्हा गादीवर बसला त्याचा १९ वर्षांचा मुलगा. ७ फेब्रुवारी १९८६ रोजी तो पळून गेला, तेव्हा घराण्याची २९ वर्षांची राजवट संपली. रुग्णाने टाकलेला विश्वास हे आपल्या व्यवसायाचे सर्वांत मोठे धन. त्याचा असा विनियोग झालेला पाहिला की मन विषण्ण होते.

त्यानंतर लोकशाहीची पहाट झाली असे वाटले. १९८७ च्या राज्यघटनेला जनतेने प्रचंड बहुमताने मान्यता दिली. तिने राष्ट्राध्यक्षाला लागोपाठ दुसऱ्यांदा पद नाकारले, सत्ता पंतप्रधानाबरोबर विभागली आणि कायमस्वरूपी निवडणूक मंडळाची तरतूद केली. कागदावर ती उत्तम होती. पण त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला मतदानाच्या रांगेतल्या नागरिकांवर गोळीबार झाला आणि निवडणूक रद्द करावी लागली. डिसेंबर १९९० मध्ये ज्यां-बेर्त्रां आरिस्तीद हे धर्मगुरू सुमारे ६७ टक्के मतांनी निवडून आले. आठ महिन्यांत लष्कराने त्यांना हाकलले. १९९४ मध्ये अमेरिकी फौजेच्या साहाय्याने ते परतले, आणि पुढच्या कारकिर्दीत, फेब्रुवारी २००४ मध्ये, त्यांना पुन्हा देश सोडावा लागला. कायमस्वरूपी निवडणूक मंडळ मात्र रुजलेच नाही. राष्ट्रीय निवडणुका हंगामी मंडळांनीच घेतल्या. त्यामुळे प्रत्येक निकालाबरोबर पंचावरही वाद झाला. आपल्याकडे प्रजासत्ताकाच्या एक दिवस आधी, २५ जानेवारी १९५० रोजी, निवडणूक आयोग अस्तित्वात आला होता. त्या एका दिवसाचे मोल मला हैतीच्या वाचनाने उमगले.

१२ जानेवारी २०१० च्या भूकंपाने राजधानी पोर्त-ओ-प्रिन्स उद्ध्वस्त केली. त्याच ऑक्टोबरात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या छावणीतले सांडपाणी नदीत मिसळून कॉलरा पसरला. आठ लाखांहून अधिक लोकांना लागण झाली आणि सुमारे दहा हजार दगावले. संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी माफी मागितली ती डिसेंबर २०१६ मध्ये.

राष्ट्राध्यक्ष जोवनेल मोईझ यांची ७ जुलै २०२१ रोजी हत्या झाली आणि दुसरा डॉक्टर पुढे आला. मेंदूचे शल्यविशारद आरिएल आंरी पंतप्रधान झाले. निवडणुकीची आश्वासने त्यांनी दिली, ती घडली नाही. २०१६ नंतरच्या नऊ वर्षांत देशात एकही राष्ट्रीय निवडणूक झाली नाही. जानेवारी २०२३ मध्ये उरलेल्या दहा सिनेटरांची मुदत संपली, आणि जनतेने निवडलेला एकही राष्ट्रीय प्रतिनिधी पदावर राहिला नाही. मार्च २०२४ मध्ये, आंरी परदेशी असताना, सशस्त्र टोळ्यांनी तुरुंग फोडले आणि विमानतळ बंद पाडला. मायदेशी न परतताच त्यांनी राजीनामा जाहीर केला.

नऊ जणांच्या संक्रमणकालीन परिषदेने तिसरा डॉक्टर निवडला. गारी कोनील यांनी सार्वजनिक आरोग्यात काम केलेले होते. जुलै २०२४ मध्ये ते राजधानीतील सर्वांत मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या पाहणीस गेले आणि गोळीबार सुरू होताच त्यांना तेथून हलवावे लागले. नोव्हेंबरात परिषदेनेच त्यांना पदच्युत केले. तेच रुग्णालय २४ डिसेंबर २०२४ रोजी पुन्हा उघडण्याचा समारंभ होता. टोळीच्या गोळ्यांनी दोन पत्रकार आणि एक पोलीस जागीच कोसळले.

या तिघांना मी एका मापाने मोजत नाही. पहिला क्रूरकर्मा होता. नंतरच्या दोघांच्या ज्ञानाविषयी शंका घेण्याचे कारण मला दिसत नाही. परंतु शस्त्रक्रिया एकट्या सर्जनच्या बोटांवर होत नसते. भूलतज्ज्ञ, परिचारिका, रक्तपेढी, निर्जंतुक उपकरणे हे सारे आधीपासून जागेवर असावे लागते. राष्ट्राच्या बाबतीत निःपक्ष निवडणूक यंत्रणा, न्यायालय, पगार मिळणारा पोलीस आणि मुदत संपताच खुर्ची सोडणारा पदाधिकारी, ही ती सामग्री. हैतीत ती कधी सावकारांनी, कधी हुकूमशहांनी, कधी परकीय फौजांनी घडूच दिली नाही.

म्हणून आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेत खजिनदार हिशेब वाचून दाखवतात आणि मावळते अध्यक्ष नव्या अध्यक्षांच्या हाती कागदपत्रे सोपवतात, तेव्हा तो उपचार कंटाळवाणा म्हणून कोणी उठून जाऊ नये. हैतीच्या जनतेने १९८७ मध्ये मत दिले ते नेमके एवढ्याचसाठी.